संदर्भ क्रमांक चौदा

१

तडा सोमवारी सकाळी सव्वानऊला दिसला.

शाळेच्या मागच्या डोंगराचा पायथा कापून तिथे आधाराची भिंत बांधायचं काम चाललं होतं. कापण्याचं काम संपलं होतं, भिंतीचा पाया दोन दिवसांनी भरायचा होता. कामावरची अभियंता मुलगी रोजच्यासारखी वर चढून गेली आणि कापलेल्या कडेपासून सहा पावलांवर थबकली. गवतात एक सरळ रेघ उमटली होती. तिने वाकून बोट घातलं, ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. खाली शाळेत पाढे म्हणण्याचा आवाज चालू होता.

तिने काम थांबवलं, गाडीत बसली आणि आपले सगळे हिशोब पहिल्यापासून तपासायला घेतले. बेरजा बरोबर होत्या. सगळा डोलारा उभा होता एका आकड्यावर: इथली माती किती उतारावर आपल्या पायावर उभी राहते, तो कोन. तो तिने भूविज्ञानाच्या एका त्रैमासिकातून घेतला होता. याच डोंगररांगेवरचा लेख होता. त्यातल्या तक्त्यात ‘ओली चिकणमाती: संदर्भ १४ पाहा’ असं छापलं होतं. संदर्भ चौदा तिने शोधून वाचला होता, त्यात चौतीस अंश दिले होते आणि तिने डोंगर चौतीसच्या हिशोबाने कापला होता.

आता तिने लेखिकेलाच फोन लावला.

“चौतीस?” लेखिका जवळजवळ ओरडलीच. “अहो, एकवीस! चौतीस ही कोरड्या मुरमाड मातीची गोष्ट आहे.”

“पण तुमच्याच लेखात संदर्भ चौदा...”

“माझा संदर्भ चौदा वेगळा आहे. थांबा, मी सही केलेलं शेवटचं प्रूफ पाठवते.”

प्रूफ आलं. लेख तोच, तक्ता तोच, पण चौदा क्रमांकावर दुसराच लेख होता. छापील अंकात चौदा ते सतरा या जागी चार नवे संदर्भ येऊन बसले होते आणि मूळचा चौदा घसरून अठरावर गेला होता.

म्हणजे लेखिकेच्या सहीनंतर आणि छपाईच्या आधी कोणीतरी त्या यादीत हात घातला होता.

२

मुलगी थेट मावशीकडे आली. मावशी म्हणजे भूमापन खात्यातून निवृत्त झालेल्या नकाशाकार. तीस वर्षं त्या या त्रैमासिकाचेही नकाशे काढत होत्या आणि आता ते चालवणाऱ्या मंडळाच्या विश्वस्त होत्या. सगळे त्यांना नकाशेबाई म्हणत. भिंग त्यांच्या गळ्यात असे आणि जीभ त्याहून धारदार.

“शाळा रिकामी कर,” त्या म्हणाल्या.

“मावशी, मी कोण रिकामी करणार? बांधकाम अधिकारी म्हणतात, परीक्षा चालू आहेत, एका रेघेसाठी शाळा बंद करता येत नाही. लेखिका फोनवर काही म्हणेल, छापलंय ते चौतीस. आकडा चुकलाय असं संपादकाचं सहीचं पत्र आणा, तासाभरात आदेश काढतो.”

“मग पत्र आणू. त्यात काय!”

त्यात बरंच काही होतं, हे त्यांना अर्ध्या तासात कळलं.

त्रैमासिकाचं कार्यालय म्हणजे एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. पहिलीत माई बसत. सव्वीस वर्षं सचिवपदावर असलेल्या, पोस्टाने किंवा ईमेलने आलेला प्रत्येक लेख त्या आल्या दिवशी एका जाड वहीत उतरवत. दुसरीत पानं लावणारा, ज्याला मोजपट्टीशिवाय शिंकही येत नाही म्हणून सगळे मिलिमीटर म्हणत. तिसरीत संपादक, म्हणजे सर. दुसऱ्या आणि तिसऱ्या खोलीच्या मधे भिंतीला एक लाकडी ट्रे होता. छपाईला जाणारे कागद त्यात पडत.

सर टेबलावर वाकून पुढच्या अंकाचं शुद्धिपत्र लिहीत होते. नकाशेबाईंनी छापील अंक आणि प्रूफ शेजारी शेजारी ठेवलं. सरांनी दोन्ही पाहिलं. त्यांचं पेन हवेतच राहिलं.

“छपाईतली चूक असेल,” ते म्हणाले.

“छपाई चार अख्खे लेख स्वतःच्या मनाने शोधून यादीत घालत नाही, सर. शिवाय मजकुरात एक वाक्यही वाढलंय. ‘अशीच निरीक्षणे अन्य ठिकाणीही नोंदवली गेली आहेत.’ पुढे चौदा ते सतरा. आणि हे चारही लेख आपल्याच त्रैमासिकातले, गेल्या दोन वर्षांतले.”

सरांनी अंक मिटून बाजूला सरकवला. गेल्या दोन वर्षांतल्या लेखांचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता. त्रैमासिकाची पत ठरवणारा एक आकडा असतो, इम्पॅक्ट फॅक्टर. दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा पुढे सरासरी किती वेळा उल्लेख झाला, यावरून तो निघतो. कार्यालयात त्याला नुसतं ‘आकडा’ म्हणत. आकडा वाढावा म्हणून सरांनी त्रैमासिकाचा आवाकाही आवळला होता. जीवाश्म गेले, खनिजं गेली, उरले फक्त उतार आणि भूजल. तरी आकडा पाऊणवर अडून बसला होता. गेल्या वर्षी मात्र एकदम एक पूर्णांक तीन झाला आणि मंडळाने सरांचा सत्कार केला.

“दोन ओळींचं पत्र द्या,” नकाशेबाई म्हणाल्या. “खाली मुलं बसली आहेत.”

“पत्र दिलं की आम्ही यादीत फेरफार करतो असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. नामांकित नियतकालिकांच्या सूचीतून नाव उडेल. चाळीस वर्षांचं काम मातीत! कोणी केलं ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही.” आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, “आणि बाई, राग मानू नका, पण चूक तुमच्या भाचीच्या अंगाशी आली आहे. तुम्ही जरा...”

“भाची आहे म्हणून मी लवकर आले. नसती तरी आलेच असते.” त्या उठल्या. “कोणी केलं ते दाखवलं तर सही?”

“दाखवा, मग बोलू.”

दारातच फोन वाजला. भाचीचा.

“मावशी, आता पूर्ण बोट जातंय.”

३

मिलिमीटर पडद्यावर एका ओळीतली मोकळी जागा मोजत होता. नकाशेबाईंना पाहून उभा राहिला. एकेकाळी नकाशावर रेघ कशी मारायची ते त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

“बस. गेल्या चार अंकांतली, लेखकांनी सही केलेली प्रूफं काढ.”

“सगळी?”

“हाताला लागतील तेवढी.”

दुपारपर्यंत तीन लेख सापडले. तिन्हींत तेच वाक्य, आणि प्रत्येकात वेगळे चार नवे संदर्भ यादीच्या मध्यात घुसवलेले. मिलिमीटर पडद्यापासून मागे सरकून उभा राहिला. सहीनंतर लेख फक्त त्याच्याच यंत्रात असतो, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

“तूच केलंस?” त्यांनी विचारलं.

“मी लावलं,” तो म्हणाला. “केलं नाही. ट्रेमधे शेवटच्या दुरुस्त्यांचा कागद आला होता. टाइप केलेला, कार्यालयाचा शिक्का मारलेला. हे वाक्य घाला, हे चार संदर्भ घाला, मजकुरातले पुढचे आकडे चारने वाढवा.”

“कागद कुठे आहेत?”

“अंक छापून आला की फाडतो. नियमच आहे तसा.”

“म्हणजे तुझ्या शब्दाखेरीज पुरावा नाही.”

“नाही.” तो खुर्चीत खचल्यासारखा बसला. मग एकदम म्हणाला, “बाई, तक्ता पाहिलात ना? लेखक तक्ते चित्र म्हणून पाठवतात. त्यातलं अक्षर मला हलवता येत नाही. मजकुरातले आकडे बदलले, तक्त्यातला चौदा तसाच राहिला. सगळा घोटाळा तिथे झाला.”

“मग?”

“मला जर गुपचूप चार संदर्भ घालायचे असते, तर मी ते यादीच्या शेवटी घातले असते. एकही आकडा हलला नसता आणि तुम्ही आज इथे आला नसता.”

नकाशेबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. बोलणं खोटं वाटत नव्हतं. ज्याने आयुष्यात एकदा तरी पान लावलंय त्याला हे कळतं. ज्याने एकदा तरी लेख लिहिलाय त्यालाही कळतं.

“तुला दिसत होतं की तक्त्यातले आकडे बदलत नाहीत. विचारलं का नाहीस?”

“पूर्वी एकदा दुसऱ्याच गोष्टीवरून विचारलं होतं. सर म्हणाले, तू पानं लाव, विज्ञान आम्ही लावतो.” त्याने मान खाली घातली. “त्यानंतर तोंडाला कुलूप लावलं. चुकलंच माझं.”

मिलिमीटरखेरीज ट्रेपर्यंत दोघेच पोचत होते. सर आपल्या खोलीतून, माई कागद आणून ठेवताना. शिक्का माईंच्या खणात असे आणि खणाला कुलूप नव्हतं.

संध्याकाळी पाचला भाचीने फोटो पाठवला. तड्यात आता तिने मोजपट्टी आडवी धरली होती. चार सेंटिमीटर.

४

मंगळवारी सकाळी आठला नकाशेबाई वाचनालयाच्या दारात उभ्या होत्या. घुसवलेल्या बारा संदर्भांतला प्रत्येक लेख त्यांनी मूळ अंकातून काढला आणि भिंग लावून शब्दाला शब्द लावत बसल्या. लेखक बरोबर, वर्ष बरोबर, पानं बरोबर. नवव्याला त्या अडल्या.

घुसवलेल्या यादीत होतं: ‘विहिरींचं पाणी उन्हाळ्यात खारट का होतं?’

मूळ अंकात त्याच लेखकाच्या, त्याच पानांवरच्या लेखाचं नाव होतं: ‘भूजलातील क्षारांशाचे ऋतुमानानुसार परिवर्तन.’

बाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी भिंग पुन्हा त्या ओळीवर धरलं. हे छापील नाव सरांनी दिलं होतं. ‘शेजारणीला विचारल्यासारखं शीर्षक होतं, मी केराची टोपली दाखवली,’ असं ते सत्काराच्या भाषणातही फुशारकीने म्हणाले होते. ते टाकून दिलेलं नाव सरांच्या हातून पुन्हा कागदावर उतरणं शक्य नव्हतं. छापील अंकात ते कुठेच नव्हतं. लेख पहिल्यांदा आला त्या दिवशीच काय ते होतं. आणि लेख आल्या दिवशीचं नाव फक्त एकाच ठिकाणी लिहिलं जायचं.

त्यांनी आणखी एक गोष्ट ताडून पाहिली. प्रत्येक चौकडीतले लेख ना विषयाने लावलेले होते, ना छापल्याच्या तारखेने. ते कार्यालयात आल्याच्या तारखेने होते. ती तारीख प्रत्येक लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात असते. बाराच्या बारा त्याच क्रमाने उतरवले होते.

माई खिडकीपाशी पाकिटं फोडत होत्या. नकाशेबाईंनी खुर्ची ओढली.

“माई, तुमची वही द्या.”

माईंनी वही दिली. सुंदर अक्षर, एक खाडाखोड नाही. विहिरींचं पाणी खारट का होतं, ते तिसऱ्या पानावर होतं.

“शीर्षक बदललं तरी वहीत बदलत नाही तुम्ही?”

“वहीत खाडाखोड नाही करत मी. आलं तसं लिहायचं.” बोलता बोलता त्यांनी नकाशेबाईंच्या हातातली यादी पाहिली, आणि पाकीट फोडायची सुरी टेबलावर ठेवली.

“तुम्हाला कसं कळलं?”

“खारट पाण्यावरून.”

माई कसनुसं हसल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. “मंडळाने बैठकीला बोलावलेल्या त्या सल्लागाराने सांगितलं, आकडा एकाच्या खाली राहिला तर त्रैमासिक बंद करा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कोपऱ्यात टिपणं घेत होते. बाई, हे आमचे गेले तेव्हाही मी चौथ्या दिवशी इथे येऊन बसले होते. दुसरं कुठे जाणार? तो म्हणाला, दोन वर्षांतल्या लेखांचा कोणीतरी उल्लेख करायला हवा, बास. मला वाटलं, एवढंच ना? चांगलेच लेख होते ते. मागची यादी वाचतं कोण?”

“माझी भाची वाचते.”

“म्हणजे?”

माईंना शाळेचं काहीच माहीत नव्हतं. सरांच्या खोलीचं दार कालपासून बंद होतं आणि मिलिमीटर कोणाशी बोलत नव्हता. नकाशेबाईंनी फोनवरचा तड्याचा फोटो पुढे केला. माईंनी तो आधी नीट पाहिला नाही, मग पाहिला. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात शाळेचं कौलारू छप्पर दिसत होतं.

त्या रडल्या नाहीत. चष्मा पुसला, वही ओढली आणि पेन्सिल घेतली.

“एकूण बारा लेखांत घातलेत. नावं सांगते, लिहून घ्या.”

एकेक नाव येत गेलं. अकरावं झाल्यावर माई थांबल्या.

“बारावा?”

“सरांचा स्वतःचा,” माई म्हणाल्या. “तोही गेल्याच अंकातला. सगळ्यांच्या लेखांत आणि त्यांच्या नाही, असं कसं चाललं असतं? उद्या कोणी शोधलं असतं तर संशय त्यांच्यावरच गेला असता.”

५

सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

“माई! कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.” त्यांनी सुस्कारा सोडला. “ठीक आहे. उद्या संध्याकाळी मंडळाची बैठक घेतो. माईंना कमी करतो, रीतसर ठराव होईल, मग पत्र.”

“आज.”

“बाई, रीत असते. मीही फसवलाच गेलोय. माझ्या नाकाखाली हे चाललं आणि मला पत्ता नाही. जरा माझाही विचार करा.”

नकाशेबाई उठल्या नाहीत. फोन त्यांच्या मांडीवर थरथरला, त्यांनी संदेश वाचून पुन्हा उलटा ठेवला. सात सेंटिमीटर.

“सर, काल मी आले तेव्हा तुम्ही शुद्धिपत्र लिहीत होतात.”

“हो.”

“दाखवता?”

त्यांनी कागद सरकवला. नेटक्या अक्षरात पाच नोंदी होत्या. बाईंनी तिसरीवर भिंग धरलं आणि मोठ्याने वाचलं. “‘संपादकांचा लेख, पृष्ठ अकरा. संदर्भ अठ्ठावीसमध्ये आडनावानंतर स्वल्पविराम हवा.’ हे तुम्हीच लिहिलंत?”

“स्वल्पविराम राहिला होता. त्यात काय?”

“तुमच्या लेखाचं सही केलेलं प्रूफ मी आत्ता मिलिमीटरकडून आणलं.” त्यांनी ते टेबलावर ठेवलं. “यात संदर्भच सव्वीस आहेत. अठ्ठाविसावा तुम्ही कुठे वाचलात?”

सरांनी प्रूफ ओढून शेवटचं पान उलटलं.

“छापील अंकात वाचलात. एक स्वल्पविरामही सुटला नाही इतक्या बारकाईने वाचलात. तुम्ही न लिहिलेलं वाक्य तुमच्या नावावर होतं, तुम्ही न दिलेले चार संदर्भ तुमच्या यादीत होते. ते दिसले नाहीत आणि स्वल्पविराम दिसला? माईंनी केलं, ते अज्ञानाने केलं. तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही मूग गिळून बसलात, कारण आकडा वाढत होता.”

“मी... मला वाटलं, कोणाचं काही बिघडत नाहीये.” सरांचा आवाज एकदम म्हातारा झाला. “एक पूर्णांक तीन, बाई. वीस वर्षं लोक विचारायचे, अजून चालू आहे का तुमचं ते मासिक? पहिल्यांदाच कोणी विचारलं नाही.”

नकाशेबाईंनी फोन सुलटा केला आणि त्यांच्यासमोर धरला.

सरांनी कोरा कागद घेतला. ‘या त्रैमासिकाच्या बारा लेखांतील संदर्भांचे क्रमांक छपाईपूर्वी बदलले गेले आहेत. त्यांतील तक्त्यांवर कोणीही विसंबू नये.’ खाली त्यांनी शाळेच्या डोंगराचा खरा कोन अक्षरी लिहिला, एकवीस अंश. सही केली. मग क्षणभर थांबून सहीच्या वर एक ओळ आणखी घातली: ‘हे मला ठाऊक असूनही मी गप्प राहिलो.’

“ही ओळ मी मागितली नव्हती,” बाई म्हणाल्या.

“माहीत आहे,” सर म्हणाले.

६

आदेश मंगळवारी चारला निघाला. बुधवारी सकाळी परीक्षा गावाच्या दुसऱ्या टोकाच्या सभागृहात हलवली. बांधकाम अधिकारी त्या दिवशी स्वतः डोंगरावर आले, तड्यात हात घालून पाहिला आणि तसेच खाली उतरले. भाचीने रस्त्याला दोर बांधला आणि दोराच्या अलीकडे उभी राहिली.

कार्यालयात एका टेबलाभोवती चौघं बसले होते. बारा लेखांची यादी मधे होती. कोणता लेख कोणी मागवला होता, कोणी त्याच्या प्रती घेतल्या होत्या, ते सगळं माईंच्या वहीत होतं. माई नाव सांगत, मिलिमीटर नंबर लावी, सर स्वतः फोनवर बोलत. प्रत्येकाला तेच पहिल्यापासून सांगत, काही न लपवता. पलीकडून कोणी शिव्या दिल्या तर ऐकून घेत. नकाशेबाई खरा क्रमांक वाचून दाखवत.

अकरा चाळीसला भाचीचा फोन आला. नकाशेबाईंनी तो कानाला लावला आणि हाताने सगळ्यांना गप्प केलं.

आधी नुसताच वारा ऐकू आला. मग लोकांचा कालवा.

“मावशी,” भाची म्हणाली, “आला खाली. सगळा पायथा आला. मागचे दोन वर्ग... नाहीतच आता.”

“माणसं?”

“कोणी नव्हतं. शाळेच्या बाईंनी सभागृहात दोनदा हजेरी घेतली. सगळी आहेत.” मग तिचा आवाज फुटला. “मावशी, मी कापला होता तो डोंगर.”

“हो,” नकाशेबाई म्हणाल्या. “आणि तूच दोर बांधलास. दोराच्या आत जाऊ नकोस. मी येते.”

त्यांनी फोन ठेवला आणि जे ऐकलं ते सांगितलं. मिलिमीटरने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सर उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

माईंनी चष्मा सारखा केला आणि वहीतल्या पुढच्या नावावर बोट ठेवलं.

“हा लेख तलावाच्या बांधावरचा आहे,” त्या म्हणाल्या. “याच्या सहा प्रती गेल्या आहेत. सर, या. नंबर लावलाय.”